बांधीतल्या मंडपासाठी स्प्रिंग रिव्हर्ब: गिटारच्या अँपला घरीच जोडायची कृती

धान निघालं की पूर्व विदर्भातल्या आमच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, मंडप पडतो. कधी नाटक, कधी भीमगीतं, कधी शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्रीचा कार्यक्रम. माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, पण दिवाळी ते होळी अर्धं टेबल अँप आणि स्पीकरनंच भरलेलं असतं. माझा भाचा भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. दोन वर्षांमागे तो अँप घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "मामा, घरी वाजवतो तं गोड लागते. मंडपात गेलो का सूर जिथल्या तिथं पडून जाते. काहून?"

अँपमध्ये बिघाड काहीच नव्हता. घरात भिंती असतात, वर कवेलू असतात, आवाज त्यांना लागून परत येतो. बांधीत परत यायला काही नाही. वरचं कापड थोडा आवाज खातं, उरलेला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, निघून जातो. तो परतीचा आवाज अँपच्या आतच तयार करायचा, याला रिव्हर्ब म्हणतात. भाच्यासाठी मी स्प्रिंगचा रिव्हर्ब निवडला, कारण तो मला समजतो आणि बिघडला तर इथंच, माझ्या टेबलावर दुरुस्त होतो. त्यानंतर असे चार बनवले. त्यात जे पक्कं झालं ते सगळं इथं लिहितो.

आधी टँक, म्हणजे या स्प्रिंगांचा डबा, कसा असतो ते समजून घ्या. लांबट पत्र्याच्या डब्यात आणखी एक हलकी चौकट चार छोट्या स्प्रिंगांवर टांगलेली असते, आणि त्या चौकटीत मुख्य स्प्रिंगा ताणलेल्या असतात. प्रत्येक मुख्य स्प्रिंगच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून बारीक चुंबक असतो आणि तो एका कॉइलच्या गाभ्याच्या फटीत लोंबतो. कॉइलमध्ये गिटारचा करंट गेला की चुंबक पीळ खातो. तो पीळ स्प्रिंगमधून पलीकडे पोचतो, तिथला चुंबक हलतो आणि दुसऱ्या कॉइलमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. पीळ तिथून उलटा फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा जातो, आणि हळूहळू विरतो. आपण वापरणार त्या लांब टँकमध्ये दोन स्प्रिंगा असतात. एकीतून आवाज पोचायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीतून ४१. दोघींची वेळ सारखी नसते, म्हणून एकच ठोका ऐकू न येता आवाज पसरतो.

या स्प्रिंगा आधी अमेरिकेत टेलिफोनच्या प्रयोगशाळेत लांबच्या लाइनचा उशीर तपासायला वापरल्या गेल्या. तिथून हॅमंडच्या ऑर्गनमध्ये आल्या आणि मग गिटारकडे. फेंडरनं १९६१ मध्ये रिव्हर्बचा वेगळा डबा काढला आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो अँपच्या पोटातच बसवला.

टँक मागवताना त्याच्यावरचा कोड नीट वाचा. पैसे तिथंच वाया जातात. आपल्याला हवा तो ४ईबी२सी१बी. पहिला ४ म्हणजे साधारण ४२ सेंटिमीटर लांबीचा, दोन स्प्रिंगांचा. ई म्हणजे इनपुट कॉइल १ किलोहर्ट्झला ६०० ओहमची. बी म्हणजे आउटपुट कॉइल २२५० ओहमची. २ म्हणजे मध्यम लांबीचा नाद, पावणेदोन ते तीन सेकंदांचा. त्याच जागी ३ असेल तर नाद चार सेकंदांपर्यंत जातो. हळू गाण्यात तो छान लागतो, पण भीमगीताच्या चालीत ढोलकीच्या खाली चिखल होतो. पुढचा सी सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा अर्थ, इनपुटचं सॉकेट डब्याच्या पत्र्यापासून वेगळं आहे आणि आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं आहे. खालचा सर्किट या सीवरच उभा आहे. १ म्हणजे स्प्रिंगांना लॉक नाही. शेवटचा बी म्हणजे डबा आडवा, उघडी बाजू खाली करून बसवायचा.

ई च्या जागी ए असलेला, म्हणजे ८ ओहमचा टँक स्वस्तात मिळाला तरी या कामासाठी घेऊ नका. त्याला २८ मिलिअँपिअर करंट लागतो, आपल्या आयसीच्या आवाक्याबाहेरचा. ई ला सुमारे ३ मिलिअँपिअर पुरतात.

पहिला टँक मी नागपूरला सीताबर्डीतून घेतला आणि मोटारसायकलच्या कॅरिअरला रबरानं बांधून उमरेड-भिवापूर-नागभीड करत घरी आणला. जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा. उघडून पाहिलं तर एक स्प्रिंग हुकातून निसटून तळाशी पडली होती. नशिबानं चुंबकाची तार शाबूत होती. ती परत लावताना जे शिकलो ते लक्षात ठेवा. स्प्रिंगला बोटानं धरू नका, वाकलेल्या टोकाच्या चिमट्यानं फक्त शेवटच्या वेढ्यात पकडा. दुसऱ्या हातानं चुंबकाच्या मागची केसासारखी तार लाकडी काडीनं टेकवून स्थिर ठेवा, नाहीतर सगळा ताण तिच्यावर येतो आणि ती तुटली तर टँक गेला. स्प्रिंग ताणायची ती हुक पार होईल एवढीच, अर्धा सेंटिमीटर. एकदा जास्त ओढली गेली की वेढे मोकळे होतात आणि तिचा सूर कायमचा बदलतो. शेवटी चुंबक फटीच्या मधोमध आहे ना ते टॉर्च लावून पाहा. बाजूला टेकला असेल तर आवाज घासतो. आता मी टँक एसटीत मांडीवर ठेवून आणतो.

टँक हातात आला की जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. इनपुट कॉइलचा रेझिस्टन्स साठ ओहमच्या आसपास दिसला पाहिजे, आउटपुटचा दोनशेच्या आसपास (कोडमधले ६०० आणि २२५० हे १ किलोहर्ट्झचे, मीटर डीसीचा दाखवतो). मग मीटर बझरवर ठेवून इनपुट सॉकेटची बाहेरची कडी आणि डब्याचा पत्रा यांत तपासा. वाजता कामा नये. आउटपुटच्या कडीला मात्र वाजलंच पाहिजे.

आता सप्लाय. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सर्किटचे जे नकाशे मिळतात ते शहरातल्या २३० व्होल्टवर बनवलेले असतात. आमच्याकडे उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी दुकानातला मीटर १७० दाखवतो. नेहमीचा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावला तर १७० वर त्याच्यातून पावणेनऊ-नऊ व्होल्ट एसी निघतो. डायोड आणि कपॅसिटरनंतर तो बारा व्होल्टच्या आसपास राहतो, पण ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला नीट चालायला चौदा-साडेचौदा तरी लागतात. रेग्युलेटर आपलं काम सोडतो आणि लाइनची घूं सरळ आवाजात उतरते. भाच्याच्या पहिल्या अँपमध्ये हेच झालं. दुपारी स्वच्छ, संध्याकाळी घूं. दोन दिवस मी वायरिंग शोधत बसलो, आणि दोष ट्रान्सफॉर्मरच्या निवडीत होता. म्हणून १५-०-१५, ५०० मिलिअँपिअरचा घ्या. १७० व्होल्टवरही तो पंधराच्या जवळपास डीसी देतो, आणि जनरेटर चढून २६० झाला तरी रेग्युलेटरची ३५ व्होल्टची हद्द ओलांडत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज, सेकंडरीला १एन४००७ चे चार डायोड ब्रिज करून, मधली तार ग्राउंड. दोन्ही बाजूंना १००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एकेक कपॅसिटर. मग प्लसला ७८१२ आणि मायनसला ७९१२. दोघांचे पाय सारखे नसतात. अक्षरं आपल्याकडे करून धरलं तर ७८१२ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७९१२ ची पाठ इनपुटला जोडलेली असते. ती अँपच्या पत्र्याला स्क्रूनं कसली तर मायनस सप्लाय शॉर्ट होतो. मधे अभ्रक आणि प्लास्टिकचं वॉशर टाका, नाहीतर मोकळंच राहू द्या. या सर्किटला करंट इतका कमी लागतो की हीटसिंकची गरजच नाही. प्रत्येक रेग्युलेटरच्या आउटपुटला १० मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक आयसीच्या ८ आणि ४ नंबरच्या पायाला अगदी चिकटून ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर. हे छोटे डिस्क टाळले तर आयसी ऐकू न येणारी शिट्टी मारतो आणि उगाच तापतो.

मुख्य सर्किट दोन आयसींचा. पहिला टीएल०७२, दुसरा एनई५५३२. दोघांचे पाय सारखेच: ८ ला प्लस १२, ४ ला मायनस १२. झिरो पीसीबीवर (छिद्रांच्या तयार बोर्डवर) आयसी बेस लावूनच करा.

टीएल०७२ चा पहिला अर्धा भाग फक्त हात पुढे करून सिग्नल घेतो. अँपच्या प्रीअँपमधून (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) आलेली तार ०.१ मायक्रोफॅरडमधून पाय ३ ला. पाय ३ पासून ग्राउंडला १ मेगओहम. पाय २ आणि पाय १ एकमेकांना सरळ जोडा. पाय १ वरून दोन वाटा निघतात. एक कोरडा, म्हणजे रिव्हर्ब नसलेला आवाज, तो थेट शेवटच्या मिक्सरकडे जाईल. दुसरी वाट ०.०१ मायक्रोफॅरडमधून १००के (के म्हणजे किलोओहम) च्या पॉटच्या, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायच्या रेझिस्टन्सच्या, वरच्या टोकाला. पॉटचं खालचं टोक ग्राउंड, मधला पाय आयसीच्या पाय ५ ला. हा पॉट म्हणजे ड्वेल, स्प्रिंगला किती जोरानं ढकलायचं ते तो ठरवतो. त्या छोट्या कपॅसिटरमुळे १६० हर्ट्झच्या खालचा आवाज स्प्रिंगपर्यंत कमीच जातो. तो जास्त गेला तर रिव्हर्ब नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत.

दुसरा अर्धा भाग ड्रायव्हर. पाय ७ टँकच्या इनपुट सॉकेटच्या मधल्या पिनला. सॉकेटच्या बाहेरच्या कडीची तार ग्राउंडला न लावता पाय ६ ला आणा. पाय ६ पासून ग्राउंडला ३३० ओहम. पाय ७ आणि ६ च्या मधे १०के. झालं.

असं का, ते सांगतो, कारण पूर्ण सर्किटचा जीव इथं आहे. कॉइल साध्या रेझिस्टन्ससारखी वागत नाही. १ किलोहर्ट्झला ती ६०० ओहम आहे, ४ किलोहर्ट्झला चोवीसशेच्या घरात जाते. स्प्रिंगला पीळ देतो तो करंट. तिला ठरावीक व्होल्टेज दिला तर सूर जितका उंच तितका करंट कमी, आणि रिव्हर्ब गोधडीखालून आल्यासारखा येतो. वरच्या जोडणीत कॉइलमधला करंट त्या ३३० ओहममधूनच ग्राउंडला जातो. आयसी पाय ६ वरचा व्होल्टेज पाय ५ इतका ठेवायला धडपडतो, म्हणजे करंट ठरवणारा तो ३३० ओहमच. कॉइल किती अडवते याचा फरक पडत नाही. पाय ५ वर १ व्होल्ट आला की ३ मिलिअँपिअर जातात. टँकला तेवढेच हवे. उंच सुरांना हाच करंट ढकलायला आयसीला दहा व्होल्टपर्यंत चढावं लागतं, म्हणून सप्लाय दोन्हीकडे बारा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर हा सर्किट चालवू नका, वरचे सूर फाटतील. आणि तो १०के गाळू नका. कॉइलमुळे फीडबॅक (आउटपुटमधून इनपुटकडे परत येणारा सिग्नल) उशिरा पोचतो आणि आयसी स्वतःच ओरडायला लागू शकतो. १०के त्याला आवरतो, आणि कार्यक्रमात टँकची तार निघाली तरी फीडबॅकचा रस्ता चालू राहतो.

तुमच्या प्रीअँपचा सिग्नल बारीक असेल, एक व्होल्टऐवजी तीन दशांश वगैरे, तर ३३० च्या जागी १०० ओहम लावा.

टँकच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. ते उचलायचं काम एनई५५३२ चं, कारण त्याचा स्वतःचा खरखराट कमी. टँकच्या आउटपुटची मधली पिन पाय ३ ला, कडी ग्राउंडला, पाय ३ ते ग्राउंड ४७के. पाय १ आणि २ च्या मधे १००के, आणि त्याच्यावर समांतर २२० पिकोफॅरड. पाय २ पासून १के, त्याच्यापुढे ०.४७ मायक्रोफॅरड, मग ग्राउंड. यातून शंभरपट वाढ मिळते. ३४० हर्ट्झच्या खाली आणि ७ किलोहर्ट्झच्या वर ती आपोआप उतरते, त्यामुळे लाइनची घूं आणि सुरसुर दोन्ही कमी होतात. रिव्हर्ब कमी वाटला तर १के च्या जागी ४७० ओहम आणि ०.४७ च्या जागी १ मायक्रोफॅरड, दोन्ही एकदमच बदला.

पाय १ वरून १ मायक्रोफॅरडचा बॉक्स कपॅसिटर, मग १०के लॉग पॉट. हा रिव्हर्बचा कंट्रोल. त्याच्या मधल्या पायापासून ४७के पाय ६ ला. कोरड्या आवाजाची ती पहिली तारही ४७के मधून पाय ६ ला. पाय ७ आणि ६ च्या मधे आणखी एक ४७के, पाय ५ ग्राउंड. पाय ७ वरून १०० ओहम आणि १ मायक्रोफॅरडमधून सिग्नल पॉवर अँपकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या भागाकडे.

हे सगळं जोडायचं प्रीअँपच्या टोन कंट्रोलनंतर आणि पॉवर अँपच्या आधी. हे मी ट्रान्झिस्टर-आयसीच्या अँपसाठीच सांगतो आहे. व्हॉल्व्हचा अँप हाती असेल तर त्याच्यात हा बोर्ड घुसवू नका. तिथं शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बसून राहतात, आणि तिथली पद्धतही वेगळी: १२एटी७ व्हॉल्व्ह, छोटा ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचाच टँक.

पहिल्यांदा चालू करताना दोन्ही आयसी बेसमधून काढून ठेवा. बेसच्या ८ नंबरला प्लस १२ आणि ४ नंबरला मायनस १२ मोजा. बरोबर असेल तर बंद करा, कपॅसिटर उतरू द्या, मग आयसी बसवा. परत चालू करून टीएल०७२ च्या पाय १ आणि ७ वर आणि ५५३२ च्याही पाय १ आणि ७ वर डीसी मोजा. सगळीकडे शून्याच्या जवळ. कुठे दहा-अकरा व्होल्ट दिसले तर त्या अर्ध्या भागाचा फीडबॅक तुटलेला आहे. मग रिव्हर्बचा पॉट थोडा उघडून टँकवर बोटाच्या पेरानं हळूच टकटक करा. स्पीकरमधून ढगासारखा गडगडाट आला म्हणजे आउटपुटची बाजू जिवंत. गिटार वाजवूनही ओला, म्हणजे रिव्हर्बचा आवाज येत नसेल तर दोष इनपुटच्या बाजूला.

घूं आली तर लगेच सर्किटवर जाऊ नका. आउटपुटची कॉइल म्हणजे एक पिकअपच. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ती पकडते. अँप चालू ठेवून टँक हातात घ्या आणि आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेत हळूहळू फिरवा. एका जागी घूं एकदम पडते. ती जागा पेन्सिलनं आखून घ्या, टँक तिथंच बसेल. आउटपुटची तार शिल्डेडच हवी, मीटरभराच्या आत. टँकच्या पत्र्याला ग्राउंड या तारेतूनच मिळू द्या. शिवाय अँपच्या पत्र्याला टेकला तर दोन वाटा होतात आणि घूं परत येते. बोर्डवरही सगळी ग्राउंड मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या जोडावर एकत्र आणा.

टँक पेटीच्या तळाशी, उघडी बाजू खाली. खाली दोन बोटं जाड फोम, स्क्रू रबरी वॉशरमधून आणि अर्धवटच कसलेले. लाकडी स्टेजवर नाचणाऱ्यांची पावलं पडली की कच्चा बसवलेला टँक प्रत्येक ठेक्याला गडगडतो. भाच्याचा अँप आम्ही शेवटी स्टेजवरून खाली, बांधीच्या मातीवर तणसाच्या पेंढीवर ठेवला, तेव्हा गडगडाट थांबला. स्पीकर आणि टँकच्या मधे प्लायवूडचा तुकडा टाका, नाहीतर मोठ्या आवाजात स्प्रिंग स्पीकरचं ऐकून स्वतःच भुणभुणायला लागते.

मंडपात सेट करताना ड्वेल आधी लावा. जोरात तार छेडून स्प्रिंग जिथं फाटायला लागते तिथून थोडं मागे. मग रिव्हर्बचा पॉट उघडत जा आणि समोर शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऐका. स्टेजवर पुरेसा वाटतो तो तिथं कमीच असतो. आमच्याकडे पॉट साधारण अर्ध्यावर राहतो. त्या रात्री धुऱ्याजवळून परत आलो तेव्हा भाचा काही बोलला नाही, एक आलाप वाजवला आणि हात तारांवरून उचलून ऐकत राहिला.

अँप गाडीत टाकताना स्प्रिंगा आणि तळ यांच्या मधे फोमची मऊ पट्टी सरकवा, आणि पोचल्यावर ती आठवणीनं काढा. काढली नाही तर रिव्हर्ब मुका राहतो, आणि माणूस चालू कार्यक्रमात बोर्ड उघडून बसतो.